आखाजीच्या तारखेपुढचे सहा आकडे

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. माय होती तोवर तिला सांगता आलं असतं. त्यातलं निम्मं तिला माहीतच होतं, पण आपल्याला काय माहीत आहे हे तिला कळलं नव्हतं. तेव्हा ऐकणारे तुम्हीच पहिले. सुरुवात कुठून करू? सरळ अपराधापासून करावी, तर तो कागदावर एवढासा दिसतो की तुम्ही म्हणाल — एवढंच? म्हणून जरा मागून येतो.

आम्ही पारोळ्याकडचे. आबा, म्हणजे माझे वडील, मी तीन वर्षांचा असताना सुरतेला आले आणि पॉवरलूमवर लागले. भेस्तानला पत्र्याची एक खोली, तिच्यात आम्ही चौघं. आबा बारा तासांच्या पाळीत चार मशिनी सांभाळायचे. मी सातवीत असताना त्यांना ऐकू कमी यायला लागलं, आणि दहावीत गेलो तेव्हा ऐकणं संपलंच होतं. लूमवरच्या बहुतेकांचं थोड्याफार फरकानं तेच होतं. त्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथं माणसं हातानं बोलतात. पाणी पाहिजे, शेठ आला, बॉबिन संपली — प्रत्येकाची खूण ठरलेली. दोन बोटं एकमेकांवर घासायची आणि झटक्यात वेगळी करायची : धागा तुटला, इकडे ये. आबा घरीसुद्धा मला असंच बोलवायचे. त्यांनी मला नावानं हाक मारलेली फारशी आठवत नाही. ती दोन बोटं आठवतात.

माय घरी साड्यांचे सुटे धागे कापायची. थोरल्या बहिणीला सहावीतून काढलं आणि मायच्या शेजारी बसवलं. माझी वह्या-पुस्तकं त्यातून आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, गरिबाचा पोरगा, स्वतःच्या हिमतीवर शिकला. स्वतःच्या नाही. बहिणीच्या शाळेवर शिकला. पण शिकलो. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक मी, पहिला बी. एस्सी. मी, पहिला एम. एस्सी. मी. याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. तो लपवून चांगलं दिसण्याची मला हौस नाही.

फक्त एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. मी बी. एस्सी.ला गेल्यापासून गल्लीतली माणसं माझ्याशी वेगळी बोलायला लागली. मी आलो की खाटेवरचा एखादा उठून जागा करायचा. चाललेली थट्टा थांबायची. आपसात अहिराणी बोलणारे माझ्याशी हिंदीत बोलायचे, जसं काही मी बाहेरून आलेला कुणी साहेब. आणि विद्यापीठात? तिथं मी गप्प असायचो. तोंड उघडलं की खोली बाहेर येईल अशी भीती वाटायची. दिवसचे दिवस असे जायचे की मी कुणाशी चार वाक्यांपलीकडे बोललेलो नसायचो. तुम्हाला कधी असं झालंय? भांडण नाही, तंटा नाही, सगळे मानानं वागतात — आणि तुमच्याशी कुणी बोलत नाही?

एक धीरेन सोडून.

धीरेन माझ्यासारखाच संशोधन करणारा विद्यार्थी, एकाच सरांच्या हाताखाली. सुरती, रांदेरचा. बारीक, चष्मेवाला, उन्हात दहा मिनिटं उभा राहिला की लाल व्हायचा. मी त्याला धीरेनभाई म्हणायचो, तो मला भास्करभाई. तो आमच्या खोलीवर यायचा, मायच्या हातची कळण्याची भाकरी खायचा आणि तिच्याशी गुजरातीत बोलायचा. माय अहिराणीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं छान चालायचं. आबांशी बोलायला त्यानं चार-पाच खुणाही शिकून घेतल्या. आबा गेले ते प्लेगच्या साली — प्लेगनं नाही, छातीच्या जुन्या दुखण्यानं. पण तेव्हा सुरतेत कुणी मेलं की लोक दोन हात लांबच राहायचे. खांदा द्यायला गल्लीतली चार माणसं कशीबशी जमली. विद्यापीठातून एकटा धीरेन आला.

आता आमचं काम सांगतो. कठीण नाही. आम्ही हवामानशास्त्राचे, आणि आमचा विषय मातीतला ओलावा. उपग्रह वरून रडारच्या लहरी सोडतो, त्या जमिनीला लागून परत जातात. किती जोरात परत गेल्या त्यावरून माती किती ओली आहे हे काढायचं. ओली माती लहर जास्त परत पाठवते. म्हणजे उपग्रहाच्या चित्रात जेवढं शेत उजळ, तेवढं ओलं. ही माझी मांडणी — एक सरळ रेषा. धीरेन म्हणायचा, इतकं सोपं नाही. नुकतीच नांगरलेली, मोठ्या ढेकळांची जमीनसुद्धा उजळ दिसते, अगदी कोरडी असली तरी. त्यामुळे आधी जमिनीचा खडबडीतपणा मोजायचा, तो वजा करायचा, मग ओलावा काढायचा. त्याचं गणित लांबलचक होतं. संगणकाच्या खोलीत बसून तो ते महिनोन् महिने जुळवत होता. खडबडीतपणा मोजायला त्यानं स्वतः एक पाट तयार केला होता : लांब फळी, तिला ओळीनं भोकं, भोकांत सायकलच्या चाकाच्या तारा. शेतात फळी आडवी धरली की तारा खाली सरकून ढेकळांवर टेकायच्या आणि वर त्यांच्या टोकांची जी रेघ दिसे, ती जमिनीची रेघ. मी त्या पाटाला हार्मोनियम म्हणायचो.

दोन मांडण्यांपैकी खरी कुठली, हे ठरवायचं कसं? जमिनीवर जाऊन. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक एस्टेटच्या पलीकडे ऊस तोडून मोकळी झालेली सहा शेतं आम्ही धरली होती. तो उपग्रह पस्तीस दिवसांनी एकदा त्याच जागेवरून जायचा, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. त्याच दिवशी, होईल तितकं त्याच वेळी, शेतात जाऊन गिरमिटानं माती काढायची, डब्यांत बंद करायची, प्रयोगशाळेत तिचं वजन करायचं, भट्टीत दिवसभर वाळवायची, परत वजन करायचं. जे उडून गेलं ते पाणी. हे काम माझं होतं. सरांचा माझ्यावर फार विश्वास. चारचौघांत म्हणायचे, हा मुलगा उन्हात उभा राहतो, याचा आकडा तपासायची गरज नाही. ते ऐकून माझी छाती फुगायची. का नाही फुगणार?

त्या उन्हाळ्यातला उपग्रहाचा एक दिवस नेमका आखाजीला येत होता.

तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. गेलेल्या माणसांच्या नावानं त्या दिवशी पाण्यानं घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या, निखाऱ्यावर तूप-पुरणाचा घास टाकायचा. आबा गेल्यानंतरची ती पहिलीच आखाजी, आणि घागर मलाच भरायची होती.

धीरेनला हे माहीत होतं. आठ दिवस आधी तो म्हणाला की त्या दिवशी तुम्ही घरी राहा, मायजवळ, शेतात मी जातो. मला ते लागलं. का लागलं? तो चांगलंच बोलत होता. पण मला वाटलं, उन्हात उभं राहणं हेच तर माझं आहे, तेही हा घेतोय. मी हसून म्हणालो, धीरेनभाई, तुम्हाला गिरमिट धरायचं ते माहीत आहे का, पहिल्याच ढेकळावर पाय मुरगळून पडाल. तुम्ही आपला संगणकाचा पडदा सांभाळा, माती मी सांभाळतो. तोही हसला. त्यानं फक्त हार्मोनियम माझ्याकडे दिला आणि दोनदा बजावलं की या वेळी हा न विसरता लावा, अखात्रीजला, म्हणजे आखाजीलाच, गुजराती शेतकरी मुहूर्ताचा नांगर घालतात.

इथपर्यंत सगळं नीट आहे. पुढचं मी स्वतःलाही कितीतरी वर्षं चुकीचं सांगत आलो. मी स्वतःला सांगायचो — काय करणार, आबांची घागर होती.

घागर होती, हे खरं. पण ती साडेआठला भरून झाली. मायनं निखाऱ्यावर घास टाकला, मी हात जोडले. नऊला मी खांद्यावर पिशवी, हातात गिरमिट आणि काखेत तो पाट घेऊन दाराबाहेर पडलो होतो. सचिनची बस पकडली असती तर साडेदहाला शेतात असतो. घागरीनं मला अडवलं नव्हतं. मायनंही नाही.

आखाजीला आमच्याकडे पुरुष पत्ते खेळतात. एरवी ज्याला घरात बोलणी बसतात तोही त्या दिवशी उघड खेळतो. त्या दिवसाला ती मोकळीकच असते. गल्लीत कडुलिंबाखाली सतरंजी टाकून लूमवरची सात-आठ माणसं बसली होती. मध्ये सुकानाना. आबांच्या शेजारच्या मशिनींवर वीस वर्षं काम केलेला माणूस, तोही जवळजवळ बहिरा. मी त्यांच्या बाजूनं मान खाली घालून चाललो होतो. कुणीतरी म्हणालं, “तो साहेब शे, तो आपलाजोडे काय बठी?” साहेब आपल्यात कशाला बसेल, हे मला ऐकू आलं. मी चालत राहिलो. मग सहज वळून पाहिलं तर सुकानाना माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात वर केला, दोन बोटं एकमेकांवर घासली आणि झटक्यात वेगळी केली.

धागा तुटला, इकडे ये.

आबा गेल्यापासून ती खूण मला कुणी केली नव्हती. मी गेलो. नाना मोठ्यानं म्हणाले — बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं — “आज आखाजी शे रे भाऊ. आज कोन्ही कामले जास का? बठ.”

मी म्हटलं अर्धा तास बसतो. पिशवी भिंतीला लावली, पाट त्यावर ठेवला. कुणीतरी त्या तारा वाजवून पाहिल्या आणि विचारलं की साहेब, हे डोकं विंचरायचं आहे का. सगळे हसले. मीही हसलो. मला पत्ते नीट येत नव्हते, त्यावरून टोमणे झाले. एवढी बुकं वाचली आणि राणी कधी टाकायची कळत नाही का म्हणून. ते माझ्याशी अहिराणीत बोलत होते, शिव्या देत होते. कुणी जागा करून दिली नाही. उलट ढकलून बसले. साडेदहा वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं. आभाळाकडेही पाहिलं. दिसत काहीच नाही, पण मला माहीत होतं की आता ते वरून जातंय. बाराला उठलो असतो तरी चाललं असतं. चारला उठलो असतो तरी थोड्याशा फरकानं चाललं असतं. तसं वहीत प्रामाणिकपणे लिहिता आलं असतं, वेळ चार. मी उठलो नाही. जेवायला आत गेलो, आमरस प्यालो, पुन्हा येऊन बसलो. जिंकलो की हरलो आठवत नाही. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा खेळ मोडला.

आबांची खूण होती म्हणून बसलो, असं म्हटलं तर तुम्हाला माझी दया येईल. म्हणून हेही सांगतो — खुणेनं बसवलं ते पहिला अर्धा तास. नंतरचे सगळे तास मी माझ्या आनंदानं बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं शेतावर गेलो. मनात हिशेब केला होता की एका दिवसानं असा काय फरक पडणार आहे, कोरडी जमीन उद्याही कोरडीच. पोचलो आणि पाहिलं, तर सहाही शेतं चिंब. नांगरलेली होती, पण पाण्यानं ढेकळं विरघळून जमीन बसली होती. बांधावर शेतकरी उभा होता. मला ओळखत होता, उसाच्या कांड्या द्यायचा कधीमधी. तो म्हणाला, “काले आव्या होत तो कोरी जमीन मळत, भाई. पाणी तो सांजे छोड्युं.”

काल आला असतात तर कोरडी मिळाली असती. सकाळी मुहूर्ताचा नांगर फिरला, आणि ढेकळं मऊ पडावीत म्हणून संध्याकाळी कालव्याचं पाणी दिलं.

म्हणजे उपग्रहानं जे पाहिलं होतं ते कोरडं, ढेकळांनी भरलेलं शेत. मी जे पाहत होतो ते ओलं आणि सपाट. मला हे त्याच क्षणी कळलं. अडाणी असतो तर कळलं नसतं. कळण्यासाठीच तर शिकलो होतो ना?

मी काय करायला हवं होतं ते सांगायला नको. पाय वळवून परत जायचं आणि सांगायचं, काल गेलो नाही, हा दिवस गेला. सर रागावले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पस्तीस दिवसांनी उपग्रह पुन्हा आला असता. मी गुडघाभर चिखलात उतरलो, सहाही शेतांतून माती काढली, पाट लावला. तारा जवळजवळ एका ओळीत उभ्या राहिल्या. सगळं नीट मोजलं. आजवर इतक्या काळजीनं मी कधी मोजलं नसेल. डबीच्या झाकणाला एक दाणा चिकटला तरी तो झटकून आत घेतला. भट्टीत पूर्ण वेळ वाळवलं. आणि वहीत, वरच्या कोपऱ्यात, आखाजीची तारीख घातली.

हा तो अपराध. म्हटलं होतं ना, एवढासा दिसतो?

दोन-अडीच महिन्यांनी उपग्रहाची टेप आली. चित्रात ती सहा शेतं लख्ख उजळ. माझ्या रेषेनं सांगितलं — ओली. धीरेनच्या गणितानं सांगितलं — कोरडी, पण ढेकळांची. आणि माझी वही सांगत होती — ओली, आणि सपाट. त्याआधीच्या सगळ्या दिवसांत शेतं कोरडी होती. मग पावसाळा लागला आणि नंतर पिकं उभी राहिली, तेव्हा मोकळी जमीन पुन्हा मिळाली नाही. म्हणजे माझ्या रेषेच्या ओल्या टोकाला फक्त सहा ठिपके होते, आणि ते त्या एका तारखेचे. रेषा अगदी त्यांच्यामधून गेली. इतकी सुरेख की सरांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. धीरेनला ते सौम्यपणेच म्हणाले की जमिनीवर जाऊन आलेला माणूस सांगतोय, आता तुझ्या गणितात कुठं चुकलंय ते शोध.

त्यानं शोधलं. आठ-नऊ महिने शोधलं. आधी गणित तपासलं, मग गणित सोडवणारा प्रोग्रॅम ओळ न् ओळ, मग टेप खराब आहे का ते. त्याचा चष्मा त्या वर्षात दोनदा बदलला. जेवायला आम्ही एकत्र बसायचो तेव्हाही तो बोटानं टेबलावर काहीतरी लिहीत असायचा. एक शक्यता मात्र त्यानं धरली नव्हती. कशी धरणार? मी त्याचा मित्र होतो, आणि मी उन्हात उभा राहणारा होतो.

फक्त एकदा. दुपारी, संगणकाच्या खोलीत, आम्ही दोघंच होतो. तो पडद्याकडे बघत होता. तसाच, मान न वळवता म्हणाला, “भास्करभाई, ते दिवसे तमे त्यां हता ने?”

त्या दिवशी तुम्ही तिथं होतात ना?

त्यात संशय नव्हता. माणूस सगळ्या खिशांत किल्ली शोधून झाल्यावर हातात धरलेली पिशवी उगाच चाचपून बघतो, तसं होतं ते. मला तेव्हा सांगता आलं असतं. दार बंद होतं, तिसरं कुणी नव्हतं. तो रागावलाही नसता, हसला असता, सुटलो एकदाचे म्हणाला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

“हतो,” मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो की ढेकळं नव्हतीच, मी स्वतः तुमचा पाट लावलाय, सपाट होतं सगळं.

तो म्हणाला, “तो पछी मारी ज भूल.” मग माझीच चूक.

पुढच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या थोडं आधी, त्यानं संशोधन सोडलं. घरचे मागे लागलेच होते. मामांचं जरीच्या धाग्याचं दुकान होतं, तिथं माणूस हवा होता. सोडण्याआधी तो आमच्या खोलीवर आला, मायला भेटायला आणि पाट मला द्यायला. मध्यंतरी त्यानं तो परत नेऊन त्याच्या तारा तपासल्या होत्या, दोष तिथं तर नाही ना म्हणून. माय भाकरी थापत होती. त्याच्या ताटात वाढता वाढता ती म्हणाली की आता पुन्हा आखाजी आली, गेल्या आखाजीला कसं छान झालं होतं. “मना भास्कर गल्लीमा पत्ता खेयाले बठना व्हता. आबा गया तठपाईन पहिल्यांदा हासना मना पोऱ्या.”

आबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता. मी तिच्याकडेच बघत राहिलो, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

धीरेनचा हात ताटात थांबला. अगदी साध्या आवाजात, जसं काही मायशी गप्पाच चालल्या आहेत, त्यानं विचारलं, “आखो दिवस?”

“आखा दिन,” माय म्हणाली.

अहिराणी आणि गुजराती इतक्या जवळ नसत्या तर? पण तेही सोडा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? भाकरीचा एक घास गिळायला लागतो तेवढा. त्यानं भाकरी संपवली, ताट उचलून मोरीत ठेवलं, मायच्या पाया पडला. दारात चपला घातल्या. मी वाट पाहत होतो की आता हा काहीतरी म्हणेल, ओरडेल, निदान तो पाट तरी उचलून घेऊन जाईल. त्यानं पाटाकडे पाहिलं आणि तो भिंतीला होता तसाच ठेवून गेला.

त्याला सरांकडे जाता आलं असतं. गेला नाही. का गेला नाही, याची उत्तरं मी पुष्कळ रचली. ती सगळी माझ्या सोयीची आहेत, म्हणून तुम्हाला सांगत नाही. जरीबाजारातलं ते दुकान मला माहीत आहे. त्या रस्त्यानं मी कधी गेलो नाही, आणि त्यानंतर भास्करभाई अशी हाक मला त्या आवाजात कुणी मारली नाही. गल्लीतही पुन्हा तसा बसलो नाही. पुढच्या आखाजीला सुकानानांनी दोन बोटं घासली होती. मी न दिसल्यासारखं केलं आणि विद्यापीठात जाऊन बसलो. सुट्टी होती. इमारतीत एक पहारेकरी आणि मी. धीरेनच्या खुर्चीवर, त्याच्या पडद्यापुढे बसून राहिलो. संगणक सुरू केला नाही.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी नेमकं त्या सहा ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं की हे आकडे खात्रीचे आहेत ना? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, साहेब, हा लूम कामगाराचा मुलगा आहे, हा खोटा आकडा आणणार नाही. परीक्षकांनी मान हलवली. मीही हलवली. आबांचं बहिरेपण, मायची कात्री, बहिणीची शाळा, सगळं माझ्या बाजूनं साक्ष द्यायला उभं होतं, आणि मी ते उभं राहू दिलं.

पुढे आमच्या विषयात जगभर काम झालं ते धीरेन ज्या दिशेनं चालला होता त्या दिशेनं. माझी सरळ रेषा आज कुणी वापरत नाही. ती खोटी ठरवायचीही कुणाला गरज पडली नाही, ती आपोआप मागे पडली. मी दरवर्षी मुलांना शिकवतो : ढेकळांची कोरडी जमीन उजळ दिसते, फसू नका. सायकलच्या तारांचा पाट दाखवतो. कुणी केला म्हणून मुलं विचारतात. एका मित्रानं, म्हणतो.

प्रबंध झाला त्या वर्षी मला डॉक्टरेट मिळाली. आमच्या घरातली पहिली, गल्लीतली पहिली. मायनं पेढे वाटले, बहीण सासरहून आली, सुकानानांनी माझ्या गळ्यात हार घातला. प्रबंध ग्रंथालयात आहे. शेवटच्या परिशिष्टात आखाजीच्या तारखेपुढे सहा आकडे आहेत. आकडे बरोबर आहेत. त्या दिवशी मी तिथं नव्हतो.